स्मृतिभ्रंश आणि औषधाविना उपचार : कोल्हापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न घरच्यांचे आहेत. बहुतेक लेकी-सुनांचे, काही मुलांचे, तर काही ज्यांना निदान झालंय त्यांचे स्वतःचे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केलेत आणि उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिलाय. पान पहिल्यापासून वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधून तेवढंच वाचलंत तरी चालेल.

१. औषधाविना उपचार म्हणजे नक्की काय? काढे, शिरोधारा, पंचकर्म त्यात येतं का?

नाही. काढा हे औषधच झालं. इथे आपण बोलणं, आठवणं, निवडणं, हातांनी काही करणं यांतून मेंदूला कामात ठेवणाऱ्या उपचारांबद्दल बोलतोय. त्यांची नावं एकमेकांसारखी आहेत आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन म्हणजे लहान गटात ठरलेल्या विषयावर गप्पा, खेळ, कामं; यालाच पुढे आपण सीएसटी म्हणू (प्रश्न ४). कॉग्निटिव्ह ट्रेनिंग म्हणजे स्मरण किंवा लक्ष अशा एकेका क्षमतेचा सराव, कोडी किंवा कॉम्प्युटरवरचे खेळ (प्रश्न ५). कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशनमध्ये त्या माणसाला स्वतःला जमायला हवं असलेलं एखादं रोजचं काम धरून त्यावर मेहनत घेतात (प्रश्न ९). आणि रेमिनिसन्स म्हणजे जुने फोटो, वस्तू, गाणी पुढे ठेवून आठवणी जागवणं (प्रश्न ८). या चौघांचे पुरावे सारखे नाहीत. कुणी नुसतं "मेंदूची थेरपी देतो" म्हणालं, तर यातली कुठली ते आधी विचारा.

२. आधी डॉक्टर की आधी थेरपी?

आधी डॉक्टर. विसरणं वाढलं म्हणजे स्मृतिभ्रंशच, असं नसतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि त्यांवर वेगळे उपाय आहेत. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारी दवाखान्यात जायचं असेल तर सीपीआर रुग्णालयापासून सुरुवात करता येते. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

एका गोष्टीसाठी मात्र थांबायचं नाही. माणूस दोन-चार दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री जागा राहू लागला, तर ते बहुधा लघवीचा संसर्ग, ताप, क्षार कमी होणं अशा कशामुळे तरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

३. याने बाबांची स्मरणशक्ती परत येईल का? खरं काय ते सांगा.

गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. आजार थांबतही नाही.

मग मिळतं काय? सीएसटीवर जगभर झालेल्या चाचण्या कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २०२३ साली एकत्र तपासल्या. एकूण ३७ चाचण्या होत्या आणि २,७६६ माणसं. ३० गुणांच्या नेहमीच्या स्मरण-चाचणीत, म्हणजे एमएमएसईत, सीएसटी घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन गुण जास्त मिळाले. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशात साधारण सहा महिन्यांत जेवढी घसरण होते, तेवढा हा फरक आहे. बोलणं आणि लोकांत मिसळणंही सुधारलं. मनःस्थिती आणि जगण्याची गुणवत्ता यांत मात्र थोडाच फरक दिसला. आठवड्यातून एकदा बसणाऱ्या गटांपेक्षा दोनदा बसणाऱ्यांना जास्त लाभ झाला, आणि मध्यम टप्प्यापेक्षा सौम्य टप्प्यातल्यांना.

दोन गुण ऐकून पुष्कळ जण हिरमुसतात. पण डोनेपेझिल ही या आजारातली सर्वांत जास्त लिहून दिली जाणारी गोळी सहा महिन्यांनी त्याच चाचणीत सरासरी एका गुणाच्या आसपास फरक दाखवते. दोन्हींची समोरासमोर तुलना झालेली नाही, त्यामुळे कोण सरस हे यावरून ठरवू नका. गोळीला आपण जेवढं गंभीरपणे घेतो, तेवढंच या गटालाही घ्यावं, एवढं मात्र हे आकडे सांगतात.

घरात हा फरक गुणांच्या रूपात दिसत नाही. जेवताना स्वतःहून एखादं वाक्य बोलणं, पाहुणा आला की उठून आत न जाणं, अशा रूपात दिसतो.

४. सीएसटीच्या गटात नेमकं करतात तरी काय? नुसत्या गप्पाच ना?

गप्पाच, पण बांधलेल्या. एमी स्पेक्टर, मार्टिन ऑरेल आणि बॉब वुड्स यांनी इंग्लंडमध्ये ही पद्धत बसवली आणि २००३ साली २०१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ आराखडा असा: आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ४५ मिनिटं, सात आठवडे, एकूण १४ बैठका. गटात पाच ते आठ जण. गटाला स्वतःचं नाव असतं, ते सदस्यांनीच ठेवायचं. सुरुवातीला दर वेळी तेच गाणं, मग वार, ऋतू आणि गावातली ताजी बातमी यांवर दोन शब्द, आणि नंतर त्या दिवसाचा विषय. विषय ठरलेले असतात: बालपण, खाणं, आवाज ओळखणं, चेहरे आणि ठिकाणं, वस्तूंचं वर्गीकरण, शब्दांचे खेळ, पैसे, चालू घडामोडी वगैरे.

सगळी गंमत प्रश्न कसा विचारला जातो यात आहे. "हा फोटो कुणाचा?" विचारलं की ती परीक्षा होते, आणि परीक्षेत नापास व्हायची भीती या माणसांना आधीच भरपूर असते. दोन फोटो पुढे ठेवून "यातलं कुठलं मैदान तुम्हाला आवडायचं, आणि का?" विचारलं तर उत्तर चुकूच शकत नाही. माहितीऐवजी मत मागायचं, हे या पद्धतीचं मुख्य तत्त्व. वस्तू हातात द्यायची, वास घ्यायला लावायचा, नवीन विचार काढून घ्यायचा, हे त्याच्या जोडीला.

विषय कोल्हापुरात आणायला फार कष्ट नाहीत. "पैसे" या विषयाला १ एप्रिल १९५७ ची दशमान नाणी घ्या. आज ऐंशीच्या आसपास असलेल्यांनी लहानपणी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झालेला पाहिलाय. जुना आणा, नवा पैसा आणि आजचं दहा रुपयांचं नाणं टेबलावर ठेवून "तेव्हा आण्यात काय यायचं, आणि आता दहा रुपयांत काय येतं?" एवढा एक प्रश्न टाकला की पाऊण तास अपुरा पडतो. "खाणं" असेल तर तांबडा की पांढरा, यावर मत नसलेला माणूस इथे सापडणं कठीण. मसाल्याच्या डब्या झाकून वास ओळखायला द्या, ओळखता आलं नाही तर "हा कशात घालाल?" विचारा. "आवाज" या विषयाला शाहूपुरीतला टांगा, गुऱ्हाळाचं इंजिन, गंगावेशीतल्या म्हशी, खासबागेतली हलगी चालेल.

एक टीप: सूत्रधार बडबडा असेल तर गट बुडतो. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढी शांतता सोसता यायला हवी.

५. रोज शब्दकोडं, सुडोकू, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ करून घेतो. तेही तेच ना?

ते ट्रेनिंग, आणि इथे पुरावा बराच पातळ आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ट्रेनिंगची तुलना काहीच न करणाऱ्यांशी केली तेव्हा थोडा फायदा दिसला. पण दुसरा कुठलाही उपक्रम करणाऱ्यांशी केली तेव्हा ट्रेनिंग वरचढ ठरलं नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट आहे: सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशात गटातली सीएसटी द्या, आणि सौम्य ते मध्यम अल्झायमरमध्ये कॉग्निटिव्ह ट्रेनिंग देऊ नका. कारण सोपं आहे. सरावाने माणूस त्या खेळात तरबेज होतो, पण ते कसब खेळाबाहेर फारसं येत नाही.

बाबांना सुडोकू आवडत असेल तर खुशाल सोडवू द्या, आवड म्हणून. सक्तीने बसवून, चुका दाखवून, "काल तर आलं होतं की" म्हणत करून घेत असाल तर आजच थांबवा. आणि "स्मृतिभ्रंश उलटवतो" असं म्हणत वर्षाचं पॅकेज विकणाऱ्यांना आगाऊ पैसे देऊ नका. मेंदूच्या खेळांच्या अशाच अवाजवी जाहिरातींबद्दल अमेरिकेत २०१६ साली एका कंपनीला वीस लाख डॉलर मोजावे लागले होते.

६. घरीच केलं तर? आम्हाला दर आठवड्याला दोनदा नेणं-आणणं जमत नाही.

जमेल, पण अपेक्षा थोडी बदलावी लागेल. घरच्या माणसाने एकट्याला सीएसटी द्यायची, यावर ब्रिटनमध्ये ३५६ जोड्यांची मोठी चाचणी झाली. २०१७ साली निष्कर्ष आले. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, २५ आठवडे. स्मरण आणि जगण्याची गुणवत्ता यांत फरक पडला नाही. मात्र ज्यांना आजार होता त्यांना आपलं नातं सुधारल्यासारखं वाटलं, आणि सांभाळणाऱ्यांचं स्वतःचं आरोग्यही थोडं बरं राहिलं.

माझं वाचन असं: गटातली उब घरात आणता येत नाही. समवयस्कांसमोर मत मांडायचं, कुणीतरी हसायचं, कुणीतरी वाद घालायचा, हे सुनेबरोबर एकास एक बसून होत नाही. आणि सुनेच्या डोक्यात गॅसवरचं दूध असतं.

तरी घरी करायचंच तर "थेरपीची वेळ" वेगळी काढू नका. मेथी निवडताना, धुतलेले कपडे माणसागणिक वेगळे करताना, देवघरातली भांडी पुसताना करा. एका वेळी एकच सूचना द्या. "मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" हा खेळ पाहुण्यांना अजिबात खेळू देऊ नका. आल्या आल्या "आत्या, मी राजारामपुरीतला, तुमच्या भावाचा मुलगा" असं सांगून बसायचं, असं त्यांना दारातच बजावा. वीसेक मिनिटांत कंटाळा दिसला की थांबा.

७. रोज सकाळी तारीख, वार, पंतप्रधान कोण, हे पाठ करून घ्यावं का?

नको. ही जुन्या "रिअॅलिटी ओरिएंटेशन"ची कडक आवृत्ती झाली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ती पद्धत सुरू झाली. तिच्यातलं चांगलं ते पुढे सीएसटीत आलं आणि घोकंपट्टी गळली. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, शेजारी मोठं घड्याळ, गेलेला दिवस खोडायला पेन, एवढं पुरे. बोलण्यात वार आपणच गुंफावा: "आज मंगळवार, अंबाबाईला गर्दी असेल." विचारायचं नाही, सांगायचं.

८. जुन्या आठवणी काढल्या तर बरं असतं, की माणूस भूतकाळातच अडकतो?

अडकत नाही. अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त टिकतात, त्यामुळे तिथे बोलायला जमीन घट्ट असते. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात २२ चाचण्या आणि १,९७२ माणसं होती. परिणाम लहान आणि कमी-जास्त. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी जगण्याची गुणवत्ता सुधारलेली दिसली, गटात बोलणं वाढलेलं दिसलं. एक अनपेक्षित गोष्टही २०१२ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात समोर आली. रुग्ण आणि घरचे असे जोडीने बसवलेल्या आठवणींच्या गटांत रुग्णांना खास फायदा झाला नाहीच, उलट सांभाळणाऱ्यांची चिंता वाढली. आपला माणूस काय होता आणि काय झालाय, हे दर आठवड्याला समोर मांडलं गेल्यावर आणखी काय होणार? म्हणून लेकीने दर वेळी सोबत बसलंच पाहिजे असं नाही.

साहित्य निवडताना चूक होते ती काळाची. आपल्याला "जुनं" वाटतं ते त्यांच्या आजोबांचं असतं. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. आज ७८ वर्षांच्या आजींचा तेव्हा जन्मही नव्हता. माणूस साधारण दहा ते तीस वर्षांचा असतानाच्या आठवणी सर्वांत दाट असतात. आजी १९४७ च्या असतील तर १९५७ ते १९७७ हा काळ घ्या. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा कोण कुठे झोपलं होतं हे अनेकांना अजून सांगता येतं. १९७२ चा दुष्काळ, पहिली नोकरी, लग्नातला शालू, हदग्याची गाणी.

जखमेच्या आठवणी आपणहून उकरू नका. २०१९ च्या महापुरात घर गेलेल्यांच्या पुढ्यात पुराचे फोटो ठेवायचे नाहीत. कुणी स्वतःहून काढलं आणि रडलं, तर विषय झटकन बदलू नये, जवळ बसून ऐकावं.

९. आईला फक्त एकच हवंय, सकाळचा चहा स्वतः करायचा. आम्ही भीतीने गॅसजवळ जाऊ देत नाही. काही मार्ग आहे?

आहे, आणि तुम्ही विचारलाय तोच रिहॅबिलिटेशनचा गाभा आहे. ग्रेट नावाच्या ब्रिटिश चाचणीत सौम्य ते मध्यम टप्प्यातल्या ४७५ जणांनी स्वतःची उद्दिष्टं स्वतः ठरवली: फोन लावणं, नातवंडांची नावं, स्वयंपाक करताना न भरकटणं. थेरपिस्ट घरी यायचे, आधी तीन महिन्यांत दहा भेटी, नंतर अधूनमधून चार. २०१९ चे निष्कर्ष सांगतात की ठरवलेलं काम लक्षणीय सुधारलं. बाकी स्मरणाच्या चाचणीत, मनःस्थितीत फरक नाही. जेवढं शिकवलं तेवढंच आलं. पण तेवढंच तर हवं होतं!

चहाचं काम तोडून बघा. आई अडते कुठे? पातेलं ठेवून निघून जाते, साखर दोनदा घालते, की शेगडी बंद करायला विसरते? प्रत्येकाचं उत्तर निराळं. निघून जात असेल तर ओट्याजवळ बसायला स्टूल ठेवा. साखर दोनदा पडत असेल तर एका कपाचा चहा-साखर रात्रीच वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी, म्हणजे घालून झालं. गॅसचीच भीती असेल तर आपोआप बंद होणारी विजेची किटली आणा. डबे पारदर्शक, जागा ठरलेली, बाकी ओटा मोकळा. शिकवताना चूक होऊ द्यायची नाही: "आता काय?" असं विचारून अंदाज करायला लावू नका, पुढची पायरी आपणच दाखवा आणि मदत हळूहळू कमी करा. नवी गोष्ट लक्षात राहायला हवी असेल तर ती अर्ध्या मिनिटाने, मग एका, दोन, चार मिनिटांनी, असं अंतर वाढवत विचारायची. चुकलं की उत्तर लगेच सांगायचं आणि मागच्या अंतरावर यायचं.

व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हे काम उत्तम जाणतात. फिजिओथेरपिस्ट वेगळे, गल्लत करू नका. आणि उद्दिष्ट आईचं हवं. "आईने दिवसभर गप्प बसावं" हे तुमचं उद्दिष्ट झालं.

१०. थेरपी सुरू केली, तर गोळ्या बंद करायच्या का?

नाही. दोन्ही एकत्र चालतात. डॉक्टरांना न विचारता गोळी अचानक बंद केली तर काही जण झपाट्याने घसरतात. गोळीमुळे मळमळ, जुलाब, नाडी मंद असं काही होत असेल तर तेही डॉक्टरांनाच सांगा.

११. वडील शेतकरी, सही पुरतं शिकलेले. असल्या थेरपीत त्यांना काय कळणार?

लिहिण्या-वाचण्यावर बेतलेली बैठक असेल तर दोष बैठकीचा. टांझानियाच्या ग्रामीण भागात, जिथे बहुतेकांचं शिक्षण अगदी कमी होतं, तिथे सीएसटी स्थानिक रूपात बसवली गेली आणि छोट्या चाचणीत तिथेही स्मरणाच्या गुणांत सुधारणा दिसली. चेन्नईत स्कार्फ या संस्थेने ती तमिळ भाषेत आणली. करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्यासाठी कागद-पेन्सिल लागतच नाही: बियाणं ओळखून वेगळं करणं, दोरी वळणं, गुळाची ढेप हातात घेऊन "यंदाचा आहे की जुना?" ठरवणं. अशा विषयात ते तुम्हालाच शिकवतील.

कमी शिकलेल्यांना एमएमएसईसारख्या चाचणीत आजार नसतानाही गुण कमी पडतात, हे निदानाच्या वेळी लक्षात असू द्या. डॉक्टरांना शिक्षण किती ते सांगा.

१२. बाबा म्हणतात, "मी काय खुळा झालोय व्हय? मला कशाला तिथं नेताय?" आता कसं न्यायचं?

ओढून नेऊ नका. ज्या चाचण्यांचे आकडे वर दिलेत, त्यांत तयार असलेली माणसंच बसली होती. "थेरपी" हा शब्द टाळला तरी चालेल, कट्टा म्हणा. पण त्यांनी आजाराबद्दल सरळ विचारलं तर खोटं सांगू नका. पहिल्या दोन-तीन वेळा ओळखीचा माणूस सोबत असावा. उद्यमनगरात आयुष्यभर फोरमन म्हणून वावरलेल्या माणसाला गोल बसवून टाळ्या वाजवायला लावल्या तर तो उठून जाणारच, आणि बरोबरच करतो. त्याला हजेरी घेऊ द्या, खुर्च्या मांडू द्या. बालवाडीसारखी चित्रं आणि "छान हं!" असा सूर दिसला तर तो गट तुम्हीच सोडा.

तरीही नाहीच म्हणाले तर प्रश्न ६ आणि ९ मधलं घरचं काम सुरू करा.

१३. आमच्या पेठेत असा गट सुरू करायचा असेल तर?

माणसं मिळतील. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पेठेत पाचशे ज्येष्ठ असतील तर पस्तीसएक घरं झाली. जागा म्हणजे तालमीचा हॉल, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, देवळाचा सभामंडप यांपैकी काहीही. मात्र शौचालय जवळ हवं, जिना नको आणि रस्त्याचा गोंगाट नको, त्यामुळे महाद्वार रोडवरची जागा कितीही सोयीची वाटली तरी टाळा. सूत्रधार दोन लागतात: एक बोलणारा, दुसरा कुणी उठून चाललं तर सोबत जाणारा. परिचारिका, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कुणीही प्रशिक्षण घेऊन हे करू शकतात. साधारण एकाच टप्प्यातले सदस्य घ्या. फार पुढच्या टप्प्यातल्यांना सौम्य टप्प्यातल्यांबरोबर बसवलं की दोघांचंही बिनसतं. मार्गदर्शनासाठी एआरडीएसआय ही स्मृतिभ्रंशावर १९९२ पासून काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४५६७.

सात आठवड्यांनी गट मोडू नका. पुढे आठवड्यातून एकदा २४ आठवडे चालवलेल्या गटांवर २०१४ साली चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी जगण्याची गुणवत्ता टिकलेली दिसली.

१४. भजन, गाणी, रंकाळ्यावरचं फिरणं यांचा उपयोग होतो की नाही?

होतो, पण वेगळ्या गोष्टीसाठी. संगीताने उदासी कमी होते असा बऱ्यापैकी पुरावा आहे, स्मरणावर मात्र फारसा परिणाम नाही. देवल क्लबच्या मैफली ऐकत वाढलेल्याला भजनी मंडळात बसवू नका आणि भजनवाल्याला ख्याल लावून देऊ नका. आवड त्याची हवी. दिवसभर टीव्हीवर गाणी चालू ठेवणं याला संगीतोपचार म्हणत नाहीत.

व्यायामाचं तसंच. इंग्लंडमध्ये ४९४ जणांच्या चाचणीत ३२९ जणांना चार महिने चांगला घाम येईल असा व्यायाम दिला. २०१८ चे निष्कर्ष असे की अंगात ताकद आली, स्मरणाची घसरण काही मंदावली नाही. तरी रंकाळ्याला न्याच. झोप, भूक, बद्धकोष्ठ, पडण्याची भीती यांसाठी चालणं लागतंच.

१५. ऐकू कमी येतं, मोतीबिंदूही आहे. गटात घालू का?

आधी कान तपासून मळ काढा, श्रवणयंत्र लागत असेल तर बसवा, मोतीबिंदूचं डॉक्टरांशी बोला. ऐकू न आल्यामुळे आलेला गप्पपणा पुष्कळदा आजाराच्या खात्यावर जमा होतो.

१६. आईला राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये वीस वर्षं झाली. तरी संध्याकाळी "मला घरी जायचंय" म्हणत दारात उभी राहते. हेच घर आहे म्हणून समजावायचं का?

समजावून उपयोग होत नाही, भांडण होतं. खोटं बोलून "चल नेतो" म्हणत फिरवून आणणंही रोज जमत नाही. "घरी कोण कोण होतं?" विचारा, कधी माहेरचं नाव येतं, कधी लघवी लागलेली असते, कधी नुसती संध्याकाळची भीती असते. अंधारायच्या आधी दिवे लावा, चहा-खाणं त्या वेळेला आणा, हाताला काम द्या. भावना धरून बोलण्याच्या पद्धतीला व्हॅलिडेशन म्हणतात. तिच्या परिणामाचा पुरावा अपुरा आहे, पण वाद टाळण्याची रीत म्हणून मला ती पटते. वारलेल्या नवऱ्याबद्दल विचारलं तर दर वेळी नव्याने मृत्यूची बातमी द्यायची गरज नाही.

१७. अल्झायमर नाही, दुसरा प्रकार आहे असं डॉक्टर म्हणाले. मग हे लागू पडतं का?

सीएसटीच्या चाचण्यांत मुख्यतः अल्झायमर, रक्तवाहिन्यांमुळे होणारा आणि दोन्हींचा मिश्र, अशी माणसं होती. लकव्यानंतरचा स्मृतिभ्रंश असेल तर लागू पडतं, फक्त बोलणं आणि हालचाल बघून. लेवी बॉडी प्रकारात माणूस सकाळी लख्ख आणि दुपारी हरवलेला असतो. जमेल त्या दिवशी जा, न जमल्यास आग्रह नको. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात, जिथे आधी वागणं बदलतं, तो माणूस गटात इतरांना दुखावू शकतो, म्हणून एकट्याला ठरलेल्या दिनक्रमात गुंतवणं बरं पडतं. आधी भाषाच गेली असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जा.

आणि निदान स्मृतिभ्रंशाचं नसून त्याच्या आधीच्या सौम्य बिघाडाचं, म्हणजे एमसीआयचं असेल, तर प्रश्न ५ चं उत्तर थोडं बदलतं. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात कॉम्प्युटरवरच्या ट्रेनिंगचा एमसीआय असलेल्यांना काहीसा फायदा दिसला. तोच स्मृतिभ्रंशात जवळपास दिसला नाही.

१८. आता बोलणंच बंद झालंय, अंथरुणात आहेत. उशीर झाला का?

सीएसटीला उशीर झाला, हो. पंचेचाळीस मिनिटं गटात बसता येणं ही तिची अट आहे. आता स्पर्श, आवाज आणि वास यांतून पोहोचायचं: हाताला तेल लावणं, ओळखीची ओवी, मोगरा, मऊ गोधडी. चेहऱ्यासमोर येऊन, नाव घेऊन बोला. दुखतंय का ते चेहऱ्यावरून ओळखायला शिका. कण्हण्याला "चळ" समजून सोडून दिलं जातं.

१९. सगळं माझ्या एकटीवर आहे. माझ्यासाठी काही थेरपी आहे का?

आहे, आणि तिचा पुरावा चांगला आहे. लंडनच्या स्टार्ट चाचणीत २६० सांभाळणाऱ्यांपैकी १७३ जणांना एकेकट्याने आठ बैठका दिल्या: चिडवणारं वागणं कसं हाताळायचं, मदत कशी मागायची, स्वतःसाठी वेळ कसा काढायचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचं नैराश्य आणि चिंता कमी झालेली दिसली, आणि पुढच्या पाठपुराव्यात ते वर्षानुवर्षं टिकलं. इथे एखाद्या समुपदेशकाबरोबर याच विषयांवर काम करता येतं. फार खचल्यासारखं वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं. घरातल्या पुरुषांना "मदत करा" असं मोघम सांगू नका. "मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा तुमच्याकडे" असं सांगा.

२०. आम्ही तिघे भाऊ आईला चार-चार महिने सांभाळतो: कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे. गट सुरू केला तर मध्येच तुटणार. मग काय करावं?

वाटणी न्याय्य असेल, पण आजाराला ती सोसत नाही. दर वेळी नवा संडास शोधायचा, नवी खोली, नवा आवाज. जे शिकवलं ते त्या घरापुरतंच राहतं. शक्य असेल तर आईने एका घरी राहावं आणि भावांनी फिरावं: एकाने पैसे, एकाने दर शनिवार-रविवार, एकाने दवाखाना. तेही जमत नसेल तर निदान सात आठवड्यांच्या १४ बैठका एका मुक्कामात पूर्ण होतील अशी तारीख धरा. तिची उशी, चादर, देव, कप आणि भिंतीवरचं घड्याळ तिच्यासोबत फिरू द्या आणि प्रत्येक घरात पलंगाच्या त्याच बाजूला लावा. एक वही करा: सकाळी कितीला उठते, चहा कसा लागतो, कुठल्या विषयावर खुलते, कशाने घाबरते, प्रश्न ९ मधली कुठली पायरी कुठवर आली आहे. मुक्काम हलला की औषधांच्या पिशवीबरोबर ती वहीही पुढच्या घरी गेली पाहिजे.